सनवूचं सुतक

माणसाच्या दाढीचा केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. त्या शुक्रवारी सकाळी पोहे खाता खाता मी समोर बसलेल्या दादाच्या गालावरचा केस अंदाजे दीड मिलिमीटर धरला. हनुवटीवर थोडा जास्त, कानापाशी कमी, आणि लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण होती तिथे अजिबात नाही. मी तेव्हा प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होते आणि दिसेल ते मोजायची खोड मला लागली होती. आईला मोजावं लागलं नाही. तिने एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि झारा कढईत ठेवला.

"नचिकेत, कोण गेलं?"

दादाचा चमचा वाटेतच थांबला. "कोण म्हणजे?"

"दाढी केलेली नाहीस. परवा शिरा केला, त्याला हात लावला नाहीस. काल देवाला नमस्कार न करता कामावर गेलास. पलंग सोडून चटईवर झोपतोस. मी काय आंधळी आहे? कोण गेलं?"

आईची चूक नव्हती. आमच्या घरात या खुणांचा एकच अर्थ होता. सुतकात पुरुष दाढी करत नाहीत, गोड खात नाहीत, देवाला शिवत नाहीत, गादीवर झोपत नाहीत. चटईवर तो खरं तर उकाड्यामुळे झोपत होता, मिरजेतला मे महिना होता. पण बाकीचं सगळं त्याने न ठरवता तंतोतंत पाळलं होतं.

कोण गेलं हे त्या घरात दादाखेरीज फक्त मला माहीत होतं. सनवू गेला होता. सनवू हा एका कोरियन कॉमिकमधला मुलगा. समुद्रकाठचं लहान गाव, तिथल्या शाळेतले दोन मुलगे, सनवू आणि तेहो. एक कोळ्याचा, एक हेडमास्तरांचा. दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं. घरी कळतं. तेहोला दूरच्या शहरात धाडून देतात, सनवूला त्याचे वडील शाळा सोडायला लावून बोटीवर पाठवतात, आणि वादळात ती बोट परत येत नाही. हे मी इंग्रजी भाषांतरातून दर आठवड्याला एक भाग असं वाचत आले होते. शेवटाला रडलेही होते, पण बेताने, कारण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.

दादा माझी टर उडवायचा. "शेवया खाणाऱ्या दोन पोरांपायी तू नाक पुसतेस?" मग त्याला ताप आला, टीव्हीचा कंटाळा आला आणि त्याने माझा टॅब मागितला. दिवसभर पडून त्याने ते सगळं संपवलं. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन टॅब पुढे केला.

"हे असं संपवतात?"

"संपवलं खरं."

"बेकायदेशीर आहे हे," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. तेव्हापासून हे असं चाललं होतं.

मला वाटत होतं, चार दिवसांत ओसरेल. पण चार दिवस हाताशी नव्हते. रविवारी सांगलीहून ओगले मंडळी सुपारी फोडायला येणार होती. सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग माघार नाही. दोन वर्षं स्थळं येत होती आणि दोन वर्षं दादा सगळ्यांना एकच उत्तर देत होता, "बघू." ओगल्यांच्या केतकीला तो दोनदा भेटून आला, होही म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. आमच्याकडे न बोलण्याचा अर्थ हो असा धरतात. आईने हॉलचे पडदे धुवायला टाकले होते. रविवारपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही तर त्याचं लग्न होणार होतं, इतकं ते सरळ होतं.

आणि आता आई उत्तराची वाट बघत होती.

"एक मित्र गेला," दादा म्हणाला.

आई मटकन खुर्चीवर बसली. बाबांनी पेपर खाली केला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. मृत्यू असो की लग्न, त्यात पाणी कुठे येतं ते त्यांना आधी लागायचं.

"कशाने?"

"बुडून."

"नदीत की कालव्यात?"

"समुद्रात. मासेमारीच्या बोटीवर होता."

"तुझ्यासारखा इंजिनिअर असून?"

"इंजिनिअर नव्हता तो."

"मग तुझा मित्र कसा?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ऑनलाइन ओळख होती, बाबा." हे विधान शब्दशः खरं होतं, म्हणून मला ते करायला जड गेलं नाही.

"कुठला?"

"पूर्वेकडचा," दादा म्हणाला.

"ओरिसा?"

"त्याच्या पुढे."

"मणिपूर?"

"अजून पुढे."

"मणिपूरच्या पुढे समुद्र कुठून आणलास?"

"परदेशात असतो, बाबा. असायचा."

"वय काय रे?" आईने विचारलं.

"अठरा."

"अठरा वर्षांचं पोर!" आईने पदर डोळ्यांना लावला. "आई आहे का त्याची?"

"नाही. वडील आहेत. त्यांनीच पाठवलं त्याला बोटीवर. वादळाचा इशारा होता तरी."

"इशारा होता?" बाबा उठून उभे राहिले. "लेखी?"

दादाचे डोळे भरून आले आणि तो पोहे तसेच टाकून आत गेला. आई माझ्याकडे वळली. "बघ, किती जीव होता त्याचा. आणि मी मेली पडदे धूत बसले."

दुपारी आईने बापूगुरुजींना फोन लावला. ते जरा कमी ऐकतात म्हणून आमच्याकडे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"मित्राचं सुतक नसतं, वहिनी," गुरुजी ओरडून म्हणाले. "अंघोळ केली की शुद्ध."

"परदेशातला होता हो."

"मग अंघोळीचीही सक्ती नाही. रविवारची सुपारी बिनघोर फोडा."

आईने फोन ठेवला, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. शास्त्राप्रमाणे दुःख नव्हतं आणि पोरगा तर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या कुलथेकाकू हातात झाकलेलं पातेलं घेऊन उभ्या होत्या. स्पीकरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत असे.

"पिठलं-भात आहे. आज गॅस पेटवू नका."

"अहो, आम्हाला सुतक नाही," आई म्हणाली.

"नसू दे. पिठलं झालंय."

दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात पाठवायचा असतो आणि त्या घराने तो खायचा असतो. तिथे वाद चालत नाही. दादा बाहेर आला, पानावर बसला आणि दोनदा भात मागून जेवला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच पोटभर जेवला. कुलथेकाकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रड हो बाळा, मोकळा हो," आणि तो खरंच रडला. मी पाण्याचे पेले भरत राहिले. एका रेखाटलेल्या मुलासाठी हे सगळं चाललं होतं, आणि मला त्यात हसू यायला हवं होतं. येतही होतं. पण त्या रडण्याचं प्रमाण मला जुळत नव्हतं.

संध्याकाळी मी त्याला गच्चीवर गाठलं. "आईला सांग की कॉमिक होतं ते. ओरडेल आणि विसरेल."

"कॉमिक कशाबद्दल होतं, असं विचारेल ना."

"मग सांग."

"तू सांग," तो म्हणाला. मी दोरीवरचे पडदे वाळले का ते बघायला लागले. "बघ," तो म्हणाला आणि खाली निघून गेला.

रविवारी सकाळी ओगले मंडळी आली. केतकीचे आईवडील आणि केतकी. आईने त्यांना फोनवर कल्पना देऊन ठेवली होती, आणि त्यामुळेच सगळा घोटाळा झाला. आपण कशाला आलो आहोत हे त्यांना ठरवता येईना. ओगलेकाकूंनी फिकट साडी नेसली होती पण गळ्यात तन्मणी होता. ओगलेकाकांच्या हातात काही नव्हतं, मात्र पेढ्यांचा खोका गाडीच्या मागच्या सीटवर आहे हे खिडकीतून मला स्वच्छ दिसत होतं. काकूंनी आत येताच आईचा हात हातात घेतला आणि न बोलता मान हलवली. दोघी एकाच सोफ्यावर बसल्या.

"चहा टाकते," थोड्या वेळाने आई म्हणाली.

आता, दुःखाच्या घरी भेटायला गेलं की चहा घेत नाहीत आणि सुपारीला आलेल्या घरी चहा नाकारत नाहीत. ओगलेकाका अडकले. "घेऊ की... म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं."

"अर्धा घ्या," आई म्हणाली, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. दाढी अजून तशीच होती. ओगलेकाकांनी त्याच्याकडे आदराने बघितलं. "कसं झालं हो?"

दादाच्या ऐवजी बाबांनी सांगायला घेतलं. दोन दिवसांत त्यांनी दादाकडून तुकड्या-तुकड्याने सगळी हकिकत काढली होती आणि मधल्या रिकाम्या जागा स्वतः भरल्या होत्या. "माशांची बोट. लहान. वाऱ्याचा वेग मी ताशी ऐंशी किलोमीटर धरतो. धक्क्याचं बांधकाम निकृष्ट असणार. शाळेतला एक मित्र होता त्याचा, हा नव्हे, दुसरा. तो शहरातून पळून आला आणि सकाळपर्यंत धक्क्यावर उभा राहिला."

"अरेरे," ओगलेकाकू म्हणाल्या.

केतकी इतका वेळ जमिनीकडे बघत बसली होती. ती औषधनिर्माण शिकलेली होती आणि सांगलीच्या एका कंपनीत गोळ्यांची तपासणी करायची. तिने मान वर केली. "त्या धक्क्यावर बुटांचे दोन जोड होते का?"

बाबा थबकले. "होते. तुला कसं ठाऊक?"

केतकीने दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पेपरात आलं होतं," ती म्हणाली.

"पेपरात आलं होतं!" बाबा दादावर उखडले. "आणि हा सांगत नाही. कुठल्या पेपरात? वाऱ्याचा वेग दिला होता?"

"मी चहाला मदत करते," म्हणत केतकी उठली. स्वयंपाकघराच्या दारातून ती वळली. "अहो नचिकेत, वरचा डबा जरा काढून देता का? माझा हात पुरत नाही."

आमच्या स्वयंपाकघरात वर एकही डबा नाही. दादा आत आला. मी केतकीपाठोपाठ आत येऊन चहाच्या पातेल्यापाशी उभी राहिले होते. केतकीने दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सनवू."

दादाने ओटा धरला.

केतकीने ओढणी तोंडात कोंबली, पण तिचे खांदे हलायला लागले. "तुम्ही सनवूचं सुतक धरलंत? अहो, मी नुसती ऑफिसात रजा टाकली होती!" मग मीही सुटले, आणि दादासुद्धा हसला. आम्ही तिघं आवाज न करता हसत होतो आणि बाहेर बाबा ओगलेकाकांना भरती-ओहोटी समजावत होते.

केतकीने डोळे पुसले. "मीही रडले. दुसऱ्या दिवशी जेवले मात्र. तुमचा आठवडा होत आला. खरं सांगा, तुमचं कोण गेलं?"

दादा पातेल्याकडे बघत राहिला. चहाला कडेने बुडबुडे यायला लागले होते.

"प्रसन्न," तो म्हणाला.

प्रसन्न सहस्रबुद्धे. आठवीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत तो दादाच्या शेजारच्या बाकावर होता आणि जवळजवळ तितकीच वर्षं आमच्या पानावर. आई त्याच्यासाठी भाजीत वांगं घालायची नाही. "प्रसन्नला काय झालंय?" मी म्हणाले. "पुण्यात आहे तो. डिसेंबरात लग्न झालं. तूच तर त्याला मुंडावळ्या बांधल्यास."

"हो," दादा म्हणाला. "त्याने सांगितलं, तूच बांध."

ते न जुळणारं प्रमाण माझ्यासमोर एका क्षणात जुळलं आणि मला माझ्या हातातल्या गाळणीचं काय करायचं ते सुचेना. चहा उतू जायला लागला. केतकीने गॅस बंद केला.

"मी बाहेर जाऊन सांगू शकते," ती दादाला म्हणाली. "मुलगा पसंत नाही म्हणेन. आई दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही, बाबा तिच्याशी बोलणार नाहीत, संपलं. पण पुढच्या महिन्यात तुमच्याकडे दुसरी कुणीतरी येईल. आणि तिने कॉमिक वाचलेलं नसेल."

दादाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "नाही. तुम्ही नका सांगू."

"मग तुम्ही सांगा. मी नाही तुमच्या आड येणार. पण सुपारी फुटायच्या आत सांगा, नंतर मला ऐकायचं नाही."

आम्ही अर्धे-अर्धे कप घेऊन बाहेर आलो. टीपॉयवर आता तबक आलं होतं, त्यात हळद-कुंकू, नारळ, सुपारी आणि अडकित्ता.

"या," बाबा म्हणाले. "गुरुजींनी शास्त्राचा प्रश्न सोडवलेला आहे. नचिकेत, बस इथे."

दादा बसला नाही.

"बस ना रे," आई समजुतीने म्हणाली. "झालं ते वाईटच झालं. पण परक्या देशातलं पोर ते, त्याच्यासाठी आपलं किती दिवस..."

"आई, ते पोर खरं नव्हतं," दादा म्हणाला. "कॉमिकमधलं होतं. चित्रातलं."

बाबांनी चष्मा काढला.

"चित्रातलं?" बाबा म्हणाले. "आणि समुद्र?"

"तोही."

"मग मी दोन दिवस वाऱ्याचा वेग कसला काढतोय?"

"म्हणजे कुणीच गेलं नाही?" आईचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग लाल झाला. "चित्रातल्या पोरासाठी मला गुरुजींना फोन करायला लावलास? कुलथ्यांचं पिठलं खाल्लंस तू!"

एवढ्यात ओगलेकाकू हसायला लागल्या. आधी बारीक, मग जोरात, तन्मणी हलेपर्यंत. "अगं बाई, किती हळवा मुलगा! आमच्या केतकीला असाच हवा होता. अहो, ऐकलंत का, कुणी गेलेलं नाही. गाडीतले पेढे आणा. आणि वहिनी, चहा आता पूर्ण द्या." ओगलेकाका खिशात किल्ली चाचपत उठले. आईसुद्धा हसली, बाबांनी अडकित्ता हातात घेतला, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्या लग्नाच्या वाटेत निदान एक मृत्यू उभा होता, त्याच्या वाटेत आता काहीच राहिलं नाही.

मी दादाकडे बघत होते. केतकी दारापाशी कपांचा ट्रे धरून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बोलतही नव्हती, ठरल्याप्रमाणे.

ओगलेकाका उंबऱ्यात चप्पल घालत होते.

"काका, पेढे आणू नका," दादा म्हणाला.

काका एक पाय चपलेत घालून थांबले. "का हो?"

"मी त्या चित्रातल्या मुलासाठी रडत नव्हतो. प्रसन्नसाठी रडत होतो."

"प्रसन्न?" आई ताडकन उठली. "काय झालं प्रसन्नला? गेला? कधी?"

"गेला नाही, आई. लग्न झालं त्याचं."

"ते मला माहीत आहे. मी साडी नाही का दिली त्याच्या बायकोला? त्यात रडण्यासारखं काय आहे?"

दादाने बाबांच्या हातातला अडकित्ता काढून घेतला आणि तबकात ठेवला, पुन्हा हात जाणार नाही असा, बेताने. मग तो आईसमोर जाऊन उभा राहिला. शब्द एकेक करून नीट येत होते.

"माझं प्रसन्नवर प्रेम होतं, आई. त्याचंही होतं माझ्यावर. त्याने घरच्यांचं ऐकलं, आणि मुंडावळ्या बांधताना त्याच्या कपाळाला घाम आला होता तो मी पुसला. मला मुली आवडत नाहीत, बाबा. केतकीत काही कमी नाही, दुसऱ्या कुणातही नसेल. पण मी तिच्याशी लग्न करणार नाही. मी कुठल्याच मुलीशी लग्न करणार नाही."